समुद्र, बाजाराच्या मागे

झ्वोने पेन्सिलीला टोक काढायला बसला
की समजायचं, बेत ठरला.
टेबलावर त्रिएस्तेचा नकाशा अंथरलाय,
एका कोपऱ्यावर मिठाची बाटली, दुसऱ्यावर माझा चष्मा,
म्हणून तो कुठे कुठे फुल्या मारतोय
ते मला दिसत नाही, नुसतं ऐकू येतं.

शुक्रवारी साडेचारची बस, ल्युब्लियानाहून.
शनिवारी नऊला किल्ला.
साडेदहाला चित्रं. बाराला आणखी चित्रं.
मग एका व्यापाऱ्याचं घर,
"आत तेहतीस घड्याळं आहेत, ब्रेदा, सगळी चालू!"
दोनला जेवण, पाऊण तास.
बोरा वारा सुटला तर वेगळा कागद:
कुठल्या चढावर धरायला दोर बांधतात,
कुठल्या गल्लीतून टोपी न उडता जाता येतं.

मी बटाटे सोलतेय.

सव्वीस वर्षं मी सात नंबरच्या दालनात उभी आहे.
तिथे एक निळ्या शालीतली बाई आहे,
तिचं नाव चित्रकारानेही लिहून ठेवलेलं नाही,
आणि एक मी.
लोक तिच्याकडे अकरा सेकंद बघतात. मी मोजलेत.
माझ्याकडे बघतात ते
शौचालय कुठल्या बाजूला हे विचारायला.
"हात लावू नका" मला पाच भाषांत येतं,
जपानीत तर वाकूनसुद्धा.
संध्याकाळी घरी आले की टाचा अशा ठणकतात
की जिना चढताना मी मनातल्या मनात
प्रत्येक पायरीची माफी मागते.

आणि हा माणूस मला हौसेने
आणखी चार दालनं दाखवायला नेतोय.

आईही जायची त्रिएस्तेला.
कला-बिला काही नाही, जीन्स आणायला.
रात्रीच्या बसने निघायची, पहाटे कालव्याकाठच्या बाजारात,
आणि येताना अंगावर एकावर एक तीन जीन्स,
पोटाशी कॉफीची पुडी बांधलेली,
ऑगस्टच्या उकाड्यात सीमेवर उभी.
"जाड आहे हो मी, थायरॉईड," शिपायाला सांगायची.
त्याला वास येत नसेल थोडाच.
पण त्याच्याही घरी सकाळ होतच असणार.

घरी आल्यावर ती एकेक जीन्स उतरवायची,
एक मावशीची, एक शेजारच्या स्लावकाची, एक विकायची,
आणि शेवटी उरायची ती आमची बारकी आई,
मांड्यांवर शिवणीचे लाल वळ.
मी विचारायचे, समुद्र कसा होता?
"समुद्र?" ती आठवायचा प्रयत्न करायची.
"होता की. बाजाराच्या मागे कुठेतरी."

तेवीस वेळा गेली ती.

मी हात पुसले, पेन्सिल ओढून घेतली,
आणि शनिवारच्या रकान्यात, तीनच्या पुढे,
झ्वोनेच्या सरळ रेघेवर तिरपं लिहिलं: बसणे.

"कुठे?"
"धक्क्यावर. टोकाला. दगडावरच."
"किती वेळ?"
हा प्रश्न त्याने इतक्या प्रामाणिकपणे विचारला
की मला हसू आलं, आणि मग आलं नाही.
"तिथे बघण्यासारखं काय आहे?"
"काही नाही. पाणी.
हात लावला तरी चालतो."

त्याने खोडरबर शोधला. बटाट्यांच्या सालींखाली सापडला.
किल्ला खोडला. दुसरी चित्रं खोडली, फुंकर मारून कण उडवले.
'तीन ते' लिहिलं आणि पुढची जागा
बराच वेळ बघत राहून कोरी ठेवली.
त्याच्या आयुष्यात मी त्याला
कोरी जागा सोडताना पहिल्यांदाच पाहत होते.

मग हळूच म्हणाला,
घड्याळं रविवारी टाकू का, सकाळी?
मी भांड्यात पाणी ओतलं, गॅस लावला.
टाक, म्हटलं. पण बाक आहे का तिथे, ते विचारून घे.